पूजेला बसलेला सर्व्हर

ये गं स्नेहल, बस अशी जवळ. मुलुंडला बसून वाचत असलीस तरी बस, आणि हातातलं दुसरं सगळं खाली ठेव. आधी बोलणी खा, मग गोष्ट ऐक.

परवा फोन केलास. "मावशी, एका माणसाच्या सगळ्या फाइल्स दुसऱ्याच्या नावावर एका झटक्यात कशा करायच्या, पटकन सांग ना." मी म्हटलं, थांब, आधी कुठल्या फोल्डरमध्ये उभी आहेस ते सांग. तोवर "मिळालं मिळालं, नेटवर मिळालं" म्हणून फोन ठेवलासही. नोकरीला लागून दोन महिने झाले नाहीत आणि बाईला सगळं झटक्यात हवंय! अगं, झटक्यात होतं, तेच तर दुखणं आहे. मी एकदा केलंय झटक्यात. तुझ्या आईलासुद्धा सांगितलं नव्हतं इतके दिवस. आता लिहितेच आहे तर तुझ्याबरोबर आणखी चार जण वाचतील, म्हणून सोपं करून लिहिते. तुला कंटाळा आला तरी शेवटपर्यंत वाच. शेवटी तुझ्यासाठी काहीतरी ठेवलंय.

तर सकाळचे दहा वाजून दहा मिनिटं झाली होती आणि आमचा कांबळे मशीन नंबर दोनसमोर कमरेवर हात ठेवून उभा होता.

"ताई, ही म्हणते परमिशन डिनाइड. आता मी काय हिच्या बापाची परवानगी आणू?"

"परत एकदा दाब."

"दोनदा दाबलं. आता तिसऱ्यांदा दाबलं आणि परत नाही म्हणाली ना, तर पॅनल लॉक. मग सुरतहून इंजिनिअर येईल तेव्हा उघडेल. दाबू?"

"हात मागे घे," मी म्हटलं. "खिशात घाल हात."

आमचा गाळा कांदिवलीच्या इंडस्ट्रियल इस्टेटमध्ये. एम्ब्रॉयडरीचं काम. चार कॉम्प्युटरवाली मशीन, एकेकीला सहा हेड, म्हणजे एकच डिझाइन सहा जागी एकदम शिवलं जातं. मी तिथे लागले ती धागे कापायला. कापड मशीनवरून उतरलं की मागचे लोंबते धागे कात्रीने उडवायचे, बस. मग पंचिंग शिकले. पंचिंग म्हणजे चित्राचे टाके करणं. सुई कुठे जाईल, कुठे वळेल, रंग कधी बदलेल, हे सगळं कॉम्प्युटरवर आखायचं. मग सर्व्हर आला. सगळी डिझाइन एका जागी ठेवणारा मोठा कॉम्प्युटर, लिनक्सवर चालणारा. बसवणारा माणूस एक जाडजूड इंग्रजी मॅन्युअल ठेवून गेला. ते कोणी उघडेना. मी उघडलं. डबा खाता खाता डिक्शनरी घेऊन वाचायचे, पानांवर भाजीचे डाग अजून आहेत. दोन वर्षांनी आमच्या मालकांनी, दीपकने, माझ्या टेबलावर पाटी लावली, 'सिस्टिम ॲडमिन'. मशीनवरच भरतकाम करून घेतलेली, लाल मखमलीवर सोनेरी. एवढी झकास पाटी कुठल्या आयटी कंपनीत मिळते सांग.

मशीनसमोर प्लॅस्टिकच्या स्टुलावर पास्कलभाऊ बसले होते. मढचे. हेल्मेट मांडीवर. पोटापाण्याला मासेमारी आणि लग्नसराईत बँड. बावीस जणांचा बँड, आणि पास्कलभाऊ मास्तर. त्यांना बावीस बॅज हवे होते, जॅकेटच्या छातीवर लावायला. निळ्या कापडावर सोनेरी ट्रंपेट आणि ट्रंपेटला वेटोळं घातलेला पापलेट. पापलेटला वेटोळं घालता येत नाही हे मी त्यांना तीनदा सांगितलं होतं. ते म्हणाले, "बाय, तू घाल तर खरं."

परवा त्यांच्या मुलीचं लग्न व्हायचं होतं. उद्या दसरा. बॅज आज दुपारी मढला पोचले तर शिंपी उद्या दिवसभर बसून बावीस जॅकेटांवर लावणार होता.

"तीस वरसं लोकांच्या लग्नात वाजवला, टी-शर्ट घालून," ते मला म्हणाले होते. "कुणाचा लाल, कुणाचा पिवळा, एकाचा तर निवडणुकीत फुकट मिळालेला. पोरीच्या लग्नात तरी बँड बँडसारखा दिसू दे."

सोपं काम होतं. सहा हेड म्हणजे बावीस बॅजच्या चार फेऱ्या. एका फेरीला वीस मिनिटं, मध्ये फ्रेम बदलायला चार. दहाला सुरू केलं तर बाराच्या आत मोकळे. आणि मोकळं व्हायलाच हवं होतं, कारण तो दिवस खंडेनवमीचा. दुपारी सव्वा वाजता यंत्रांची पूजा. आमच्या गाळ्यात एकदा पूजा झाली की मशीन थेट दसऱ्यानंतर चालू होणार. हा नियम दीपकच्या आईचा, माईंचा. माई ऐंशीच्या, मूळच्या मालवणच्या. गाळ्याचे मालक दीपक, आणि दीपकच्या मालक माई.

म्हणजे पूजेआधी बावीस बॅज शिवून झाले नाहीत तर लग्नात परत लाल, पिवळा आणि निवडणुकीतला.

"रिस्टार्ट मारला का?" दीपक आला. हा त्याचा ठरलेला प्रश्न. गाळ्यातला पंखा बंद पडला तरी तो हेच विचारतो.

"मशीन ठीक आहे," मी म्हटलं. "सर्व्हर तिला फाइल देत नाहीये."

"मग सर्व्हरला रिस्टार्ट मार."

"थांब जरा. आधी बघू दे कोणाकोणाला देत नाहीये."

हे लक्षात ठेव स्नेहल. बिघाड झाला की आधी हे बघायचं, की बंद कोणाचं आहे आणि चालू कोणाचं आहे. मी माझ्या टेबलावर गेले, सर्व्हरमध्ये लॉगिन करायला बघितलं. मला घेईना. मला! लाल मखमलीच्या पाटीवालीला! माझं लॉगिन पासवर्डने नाही, किल्लीने होतं. किल्ली म्हणजे एक छोटी फाइल, अर्धी माझ्या टेबलावरच्या कॉम्प्युटरमध्ये, अर्धी सर्व्हरवर माझ्या फोल्डरमध्ये. दोन्ही जुळल्या की दार उघडतं. नेटवरून पासवर्डने शिरायची सोय मीच बंद करून टाकली होती. सुरक्षित म्हणून. त्या दिवशी मी स्वतःपासूनच सुरक्षित झाले होते.

तेवढ्यात आमची नवी पंचिंगवाली हेतल म्हणाली, "सुमनताई, माझं तर सगळं चालू आहे. उलट जास्तच चालू आहे."

"जास्त म्हणजे?"

"म्हणजे मला दीपकसरांचं पण फोल्डर उघडतंय. यात 'गाडीतली गाणी' असं काहीतरी आहे. बेचाळीस फाइल्स." आणि तिने एक लावली.

सिग्नलला उभ्या गाडीत, हॉर्नच्या आवाजात, आमचे मालक कोणाला तरी चांदण्यात भेटायला बोलावत होते. तार सप्तकात. मागून एक रिक्षावाला ओरडत होता.

"बंद कर! बंद कर ते!" दीपक धावला. कांबळेने खिशातला हात काढून तोंडावर धरला. पास्कलभाऊ मात्र मान हलवून ऐकत होते. "सूर बरा हाय," ते म्हणाले. "ताल नाय."

मी हसले नाही. सगळ्यांचं बंद आणि एकट्या हेतलचं सगळं चालू. तिच्या स्क्रीनवर एकेका फोल्डरची माहिती उघडून बघितली. मशीन एकचं फोल्डर, मालक हेतल. मशीन दोन, हेतल. दीपकचं, हेतल. माझं, हेतल.

आणि मला आठवलं, साडेनऊला मी काय केलं होतं.

त्याचं असं की खंडेनवमीला आमच्याकडे ज्याने त्याने आपलं यंत्र साफ करायचं असतं. कांबळे तेल घालतो, पुसतो. धागेवाल्या आपल्या कात्र्यांना धार लावून आणतात. मग सिस्टिम ॲडमिनने काय करायचं? सर्व्हर बाहेरून दोन मिनिटांत पुसून होतो. मला वाटलं, आतूनही साफ करू. आधीची पंचिंगवाली नलिनी महिन्यापूर्वी सोडून गेली होती. तिचं फोल्डर तसंच पडलेलं. ते हेतलच्या नावावर करून टाकू, पूजेला सर्व्हर स्वच्छ.

लिनक्समध्ये प्रत्येक फाइलवर मालकाचं नाव असतं, दारावरच्या पाटीसारखं. पाटी बदलायच्या कमांडला chown म्हणतात. त्याच्यापुढे -R लावलं की आतलं फोल्डर, त्याच्या आतलं, त्याच्याही आतलं, थेट तळापर्यंत सगळ्या पाट्या बदलत जातात. नलिनीच्या फोल्डरमध्ये उभं राहून, सगळे अधिकार हातात घेऊन, मी ती कमांड चालवली. काम झालं. पण काही फाइल्स लपलेल्या असतात, त्यांच्या नावाची सुरुवातच टिंबाने होते. त्या राहिल्या. मी म्हटलं, कोपऱ्यातली जळमटंही काढू. आणि टाइप केलं:

chown -R hetal .*

टिंबापुढची ती चांदणी म्हणजे 'पुढे काहीही चालेल'. म्हणजे, टिंबाने सुरू होणारं जे जे काही असेल, ते सगळं हेतलचं.

आता गंमत बघ. फोल्डरमधून एक पायरी वर जायचं जे दार असतं ना, त्याचं नाव दोन टिंबं. तेही टिंबानेच सुरू होतं! जुन्या सर्व्हरवर हे टिंब-चांदणी त्या दारालाही पकडतं. नवीन सर्व्हरवर म्हणे ही खोड काढलीय, आमचा जुना होता. म्हणजे पेंटरला सांगावं, ह्या ब्लॉकमधल्या सगळ्या दारांवर हेतलचं नाव घाल. त्याने ब्लॉकचं मुख्य दार उघडावं, पॅसेजमध्ये यावं, आणि अख्ख्या सोसायटीच्या पाट्या रंगवत सुटावं. सेक्रेटरीच्या दारावरसुद्धा. माझ्या डोळ्यांसमोर कमांड जरा जास्त वेळ चालली. मला वाटलं, नलिनीने बरंच काम केलंय बाई. मग मी बाहेर पडले आणि तोरण लावायला गेले.

"कोणी केलं हे?" दीपकने विचारलं.

दोन क्षण मला वाटलं, व्हायरसचं नाव घ्यावं. मग म्हटलं, "मी."

पास्कलभाऊंनी घड्याळ बघितलं. पावणेअकरा.

"पेनड्राइव्हने दे ना," दीपक म्हणाला. "हेतलला फाइल उघडतेय. तिने कॉपी करायची, कांबळेने मशीनला लावायची. संपलं!"

कांबळेने माझ्याकडे बघितलं. मी जमिनीकडे. दोन वर्षांपूर्वी कोणीतरी पेनड्राइव्ह बदलला होता आणि एका शाळेच्या दोनशे शर्टांच्या खिशांवर बोधचिन्हाऐवजी पिसारा फुलवलेला मोर आला होता. त्या मोरानंतर मी दोन गोष्टी केल्या. एक, प्रत्येक मशीनला आपापलंच फोल्डर उघडेल असं कुलूप घातलं. दोन, चारही मशीनच्या यूएसबीच्या भोकांत स्वतःच्या हाताने प्लंबरची पुट्टी भरली.

"काढता येईल का?" दीपकने विचारलं.

"छिन्नीने," कांबळे म्हणाला. "पण ताईंचं काम पक्कं असतं."

म्हणजे एकच रस्ता. सर्व्हरसमोर बसायचं. त्याच्या स्वतःच्या कीबोर्डवर पासवर्ड चालतो, तिथे किल्ली लागत नाही. तिथून शिरायचं आणि एकेका फोल्डरची पाटी परत जागच्या जागी लावायची. त्यासाठी कुठलं फोल्डर कोणाचं हे माहीत हवं. आमच्याकडे ते सरळ नाही. फोल्डरना नावं माणसांची. 'वसंत' हे फोल्डर मशीन दोनचं, कारण गावी जाण्याआधी वसंत ती चालवायचा. आणि मशीनच्या लॉगिनला नावं मशीन बनवणाऱ्या कंपनीने दिलेली, नुसती अक्षरं आणि आकडे, एकसारखी दिसणारी. कोणाची कोणती जोडी, हे एकाच ठिकाणी लिहिलेलं होतं. माझ्या वहीत.

"मग वही आण ना!" दीपक म्हणाला.

वही कुठे होती सांगू? आमच्याकडे पूजेत प्रत्येकजण आपलं हत्यार ठेवतो. कांबळेचा पाना, धागेवाल्यांच्या कात्र्या, हेतलचा माऊस. आणि माझी ती वही. सकाळी मी स्वतः नेऊन चौरंगावर ठेवली होती.

चौरंग कुठे? सर्व्हरसमोर. माईंचं म्हणणं, बाकीची मशीन ह्याच्या सांगण्यावर चालतात, तर पहिला मान ह्याचा. आम्ही केबिनमध्ये गेलो तेव्हा माईंची तयारी पूर्ण झाली होती. सर्व्हरच्या कपाळावर कुंकवाचं स्वस्तिक. गळ्यात झेंडूचा हार. कीबोर्डवर हळद-कुंकू, अक्षता. समोर चौरंगावर वह्या-पुस्तकं, सगळ्यात वर माझी वही, आणि वहीवर शेंडी वर करून नारळ.

"माई," मी म्हटलं, "मला जरा ह्याच्यावर काम करायचंय."

"आता?" माईंनी चष्मा वर केला. "पूजेक बसलेल्या यंत्राक हात लावूचो नाय."

"पूजा सव्वाला आहे ना?"

"पूजा सव्वाक. बसलो तो आता. एकदा हळद-कुंकू लागला की बसलो. वही पण बसली. नारळ हलवूचो नाय."

"आई, अगं अर्जंट आहे," दीपक म्हणाला.

"तू गप रे. तुझा सगळा अर्जंट. गाडीत गातंस ता पण अर्जंटच काय?"

गाणं केबिनपर्यंत ऐकू गेलं होतं तर.

दीपकने मला बाजूला घेतलं. "ताई, आईच्या नादी नको लागू. ती पाच मिनिटांत पाणी प्यायला उठेल. कीबोर्डवर बस आणि अंदाजाने लाव. वसंतला कुठलंही एक लॉगिन लाव, चाललं तर चाललं!"

"नाही चाललं तर पॅनल लॉक."

"चान्स घे ना यार!"

"अंदाजानेच टाइप केलं होतं सकाळी," मी म्हटलं. "आता एक अक्षर अंदाजाने लावणार नाही. वही मिळाली तर करेन, नाहीतर पास्कलभाऊंचे पाय धरेन."

अकरा वीस झाले होते. उशिरात उशिरा अकरा चाळीसला पहिली फेरी लागली तरच चार फेऱ्या बसणार होत्या. माईंना कसं समजवावं मला सुचेना. बाई हट्टी नव्हत्या गं. बावीस वर्षांत एकाही कारागिराच्या बोटात सुई गेली नाही, ती ह्या पूजेमुळे, असं त्या मानायच्या. त्या खोलीतल्या प्रत्येक माणसाची बोटं त्या सांभाळत होत्या. त्यांना मी काय सांगणार, टिंब आणि चांदणी?

तेव्हा पास्कलभाऊ दारात आले. चपला बाहेर काढल्या, हेल्मेट चपलांवर ठेवलं.

"माय, एक विचारू?"

"विचार."

"आमच्याकडं पण होडीची पूजा होते. पाऊस सरला की फादर येतो, होडीवर पाणी शिंपडतो. झेंडू आम्ही पण बांधतो. एकदा काय झाला, सगळी तयारी झाली, पताका लागल्या, फादर निघाला, आणि माझ्या लक्षात आला, होडीला खाली भोक हाय."

"मग?" माई म्हणाल्या.

"मग काय! हार काढला, होडी उलटी केली, भोक बुजवला. मगच फादरला म्हटला, या. भोक ठेवून पूजा केली असती तर होडी बुडाली असती आणि नाव फादरचा खराब झाला असता."

माईंनी आधी त्यांच्याकडे बघितलं, मग सर्व्हरकडे.

"ह्येका भोक पडला आसा?" त्यांनी मला विचारलं.

"हो माई."

"कोणी पाडला?"

"मी पाडलं."

"मग आधी सांगूचा नाय?" माई उठल्या. सर्व्हरला हात जोडले. "भोक पडलेला यंत्र पूजेक बसवून माका पाप लावतंस! पण वहीक तू हात लावूचो नाय. वही मी धरतंय."

आणि पुढची दहा मिनिटं मी आयुष्यात विसरणार नाही. माईंनी नारळ उचलून दीपकच्या हातात दिला, तो खाली ठेवायचा नाही म्हणून बजावलं. वही दोन्ही हातांनी छातीसमोर धरली, पानं उलटायची ती विड्याच्या पानाने. मी सर्व्हरसमोर बसले, झेंडूचा हार दोन बाजूंना सारून मधून स्क्रीन बघत. लॉगिन केलं. शिरले! माईंना इंग्रजी अक्षरं येत होती, पण त्या ती एकेक करून, आरतीच्या चालीत वाचायच्या.

"वसंत... टीऽ... एक्सऽ... चार... चार... सात... एक."

"टी एक्स, चार चार सात एक," मी म्हणायचे.

"एक," माई म्हणायच्या, आणि मगच पुढे जायच्या. मला आयुष्यात इतकी चांगली असिस्टंट मिळाली नाही.

कीबोर्डमध्ये अक्षता शिरल्या होत्या. बाकी सगळी बटणं चालत होती, फक्त टिंबाचं बटण दबेना. त्याच्याखाली तांदळाचा दाणा अडकला होता. मी म्हटलं, राहू दे तिथेच. देवाची तशी इच्छा दिसते.

अकरा फोल्डर, अकरा कमांड. प्रत्येक वेळी फोल्डरचं पूर्ण नाव, मुळापासून. एंटर मारायच्या आधी माईंना परत वाचून दाखवायचं. शेवटी यादी काढून बघितली. अकरा दारांवर अकरा वेगवेगळ्या पाट्या. केबिनबाहेरून हेतल ओरडली, "सरांची गाणी बंद झाली!"

दीपकने नारळासकट सुस्कारा सोडला.

अकरा छत्तीस. आम्ही सगळे मशीन दोनसमोर. कांबळेने बोट पुढे केलं, मागे घेतलं. "ताई, तुम्ही दाबा."

"तूच दाब. मशीन तुझी आहे."

"बाय, कोणीतरी दाबा रे," पास्कलभाऊ म्हणाले. त्यांनी कपाळापासून छातीपर्यंत क्रूस केला. माईंनी मशीनच्या दिशेने चार अक्षता उडवल्या. कांबळेने दाबलं.

पॅनलवर एक क्षण काहीच नाही. मग निळ्या चौकोनात हळूहळू एक ट्रंपेट आलं, आणि त्याला वेटोळं घातलेला पापलेट. सहा सुया एकदम खाली गेल्या.

एकदा धागा तुटला, त्यात चार मिनिटं गेली. बाकी काही झालं नाही. चौथी फेरी एक वाजून बारा मिनिटांनी संपली. कांबळेने तीन मिनिटांत मशीन पुसली, तेल घातलं, शर्टाच्या बाहीने चमकवली. सव्वाला आरती सुरू झाली. दीपकने म्हटली. एवीतेवी सगळ्यांना कळलंच होतं, म्हणून मोकळ्या आवाजात म्हटली, आणि पास्कलभाऊंनी झांजा घेऊन ताल धरला. त्या वर्षीच्या आरतीची आठवण आमच्या गाळ्यात अजून काढतात. नारळ फुटला, पास्कलभाऊ खोबऱ्याचा तुकडा तोंडात टाकून बॅजची पिशवी हँडलला अडकवून मढला निघाले.

लग्नाचा फोटो आला दोन दिवसांनी. बावीस निळी जॅकेटं. पापलेट जरा बांगड्यासारखा दिसत होता, पण ते पंचिंग माझं होतं, त्याला सर्व्हर जबाबदार नाही.

दसऱ्यानंतर मी दीपकला म्हटलं, ओरडायचं असेल तर ओरडून घे. तो म्हणाला, "ताई, तुला ओरडलो तर आई मला ओरडेल." मग हळूच म्हणाला, "ती गाणी कुठेतरी खोल ठेवता येतील का? टिंब लावून?" मी म्हटलं, टिंबाचं नाव काढू नकोस.

त्या दिवसापासून मी दोन नियम पाळते, ते तू लिहून घे. टिंब आणि चांदणी शेजारी शेजारी दिसली की कमांडच्या जागी आधी echo टाइप करायचं. ते बिचारं काही करत नाही, नुसतं वाचून दाखवतं की ह्याच्यात काय काय सापडलंय. त्यात दोन टिंबं दिसली की हात खिशात. आणि दुसरा नियम, वही पूजेला ठेवायची तर आधी झेरॉक्स काढायची.

आता तुझ्यासाठी काय ठेवलंय ते सांगते. सहा हेडच्या चार फेऱ्या म्हणजे बॅज होतात चोवीस. शेवटच्या फेरीला दोन हेड बंद करायची असतात, घाईत कांबळे विसरला. दोन बॅज उरले. एक माईंनी मागून घेतला, तो सर्व्हरच्या कव्हरवर शिवलाय. दुसरा माझ्या वहीत आहे, त्या पिवळ्या पडलेल्या पानात, जिथे हळद अजून निघत नाही. कालच चाळताना सापडला. तुझ्या ऑफिसच्या बॅगेवर छान दिसेल, आणि बॅग उघडताना दर वेळी टिंबाची आठवण होईल.

पोस्टाने पाठवणार नाही हं. मुलुंड ते कांदिवली म्हणजे काही परदेश नाही. ह्या रविवारी ये. परवा झटक्यात काय केलंस तेही सांग, आणि काही बिघडलं असेल तर जेवायच्या आधीच सांग, म्हणजे मी भात उशिरा लावते.